दामूशेठचं तिकीट

निवडणूक संपली की बॅनर उतरतात, जीपवरचे भोंगे मालकाकडे परत जातात, उरलेल्या झेंड्यांची कोणाच्या तरी घरी पायपुसणी होतात. किस्से परत न्यायला मात्र कोणी येत नाही. ते ऑफिसातच साचत जातात. आमच्या भिवंडीच्या तालुका ऑफिसात पंधरा-सोळा वर्षांचे साचले आणि ते सगळे माझ्याकडे आले, कारण तिथला टाइपरायटर माझ्याकडे होता!

पक्षाचं नाव सांगत नाही. राज्यात तेव्हा सत्ता आमची होती, एवढं पुरे. ऑफिस म्हणजे एसटी स्टँडच्या मागे, अन्सारीभाईंच्या लूमच्या कारखान्याला चिकटलेल्या दोन खोल्या. आम्ही कायमचे चौघे. तालुकाध्यक्ष दामूशेठ हे पूर्ण्याचे, घरची भातशेती, खाडीकाठची जमीन. जाधव गुरुजी शाळेतून रिटायर झालेले, संध्याकाळी बुद्धविहारात मुलांचे वर्ग घ्यायचे, दिवसभर आमचे. खारबावच्या मंजुळाबाई महिलांचं काम बघायच्या आणि चौथा मी. पत्रं टाइप करायची आणि दामूशेठसमोर सहीला ठेवायची, ही माझी ड्युटी.

दामूशेठची आयुष्यात एकच इच्छा होती. आमदारकीचं तिकीट! एकदाच. निवडून येणं, न येणं पुढचं पुढे. दर निवडणुकीला ते पांढरा सफारी शिवून तयार ठेवायचे आणि दर निवडणुकीला तो कपाटात परत जायचा.

* * *

दामूशेठच्या खिशाला हिरव्या शाईचं पेन असायचं. का, तर तहसीलदार हिरव्या शाईने सही करतात हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. शिक्षण चौथीपर्यंत, पण सही बघत राहावी अशी! 'दा'चा काना कागदाच्या तळाला जाऊन परत वर यायचा आणि खाली दोन टिंबं. नाव मात्र कोणाच्या बापाला वाचता आलं नसतं.

या सहीचा दोष एकच होता. समोर कागद आला की ती व्हायचीच. वाचणं वगैरे भानगड नाही. रहिवासी दाखला, शाळेचं ॲडमिशन, विजेच्या मीटरचा अर्ज, जे येईल त्यावर सही. एकदा तर लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या माणसाला पत्रिकेवर सही करून त्यांनी ती परत दिली!

एकदा काही नाराज कार्यकर्त्यांनी जिल्ह्याला पाठवायला निवेदन तयार केलं. विषय, 'तालुकाध्यक्ष बदलणेबाबत'. तो कागद कोणीतरी चुकून माझ्या फाइलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर पहिलीच सही हिरवी!

मंजुळाबाईंनी कपाळाला हात लावला. "शेट, तुमीच तुमाला काढलाव?"

दामूशेठनी कागद लांब धरून पहिल्यांदा नीट बघितला. "खाली सह्या किती हायेत?"

"तेवीस."

"मंग माजी धरून चोवीस. जाऊ दे पुडं."

निवेदन गेलं. जिल्ह्याच्या लोकांना वाटलं की माणूस फार मोठ्या मनाचा आहे, आणि त्यांनी दामूशेठना आणखी तीन वर्षं ठेवलं.

* * *

आमच्या ऑफिसात कोणी हळू बोलत नसे. भिंतीपलीकडे लूम खडखडत असायचे. गुपित सांगायचं तरी घसा ताणून सांगावं लागायचं आणि तरीही ते गुपितच राहायचं.

ऐंशीच्या दशकातल्या निवडणुकीला जिल्ह्याचे दोन पुढारी उमेदवार ठरवायला आले आणि आतल्या खोलीत दार लावून बसले. बाहेर बाकावर नवा सफारी घालून दामूशेठ, शेजारी आम्ही. अर्धा तास लूमशिवाय काही ऐकू येईना. आणि गेली की लाइट! पन्नास लूम एकदम गप्प. त्या शांततेत आतून एक दणदणीत आवाज आला, "...दामू काय, सांगेल ती सही करतो, त्याला पुढच्या वेळी बघू!"

आम्ही जमिनीकडे बघत बसलो. अन्सारीभाई लाइट गेली म्हणून बाहेर आले होते, तेही दारातच थबकले.

दामूशेठ उठले, शर्टाची घडी नीट केली आणि त्यांना म्हणाले, "अन्सारीभाई, अंदर दो चाय बोलो. साब लोगांचा घसा सुकला असंल."

त्या निवडणुकीत जो उभा राहिला त्याच्यासाठी दामूशेठ तालुकाभर हिंडले. तो निवडून आला आणि पाच वर्षांत ऑफिसला दोनदा आला.

* * *

पुढच्या वेळीही 'पुढच्या वेळी'च झालं. मला त्यांचा राग यायचा, खरंच सांगतो. माणसाने इतकं सोसू नये. मी एकदा बोललोही, "शेठ, बंडखोरी करा. अपक्ष उभे राहा!"

तर म्हणाले, "आन ऑफिस कोन उगडंल?"

* * *

मग नव्वदच्या दशकातली ती निवडणूक आली. आमच्या विरोधात असं वारं होतं की जिथे तिकिटासाठी मारामाऱ्या व्हायच्या, तिथे पुढारी दवाखान्यात ॲडमिट व्हायला लागले. कोणाचं ब्लडप्रेशर, कोणाच्या घरी लग्न. आमच्या जागेला माणूसच मिळेना. तेव्हा जिल्ह्याला दामूशेठ आठवले!

या वेळी दामूशेठनी नवा सफारी शिवला नव्हता. बातमी आली तेव्हा कपाटातला जुनाच काढला, तर बटणं लागेनात. मंजुळाबाईंनी दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडून तो रुंद करून दिला. पट्ट्यांचा पांढरा रंग जरा वेगळा होता. त्या सफारीत दामूशेठ फॉर्म भरायला गेले आणि मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

गुरुजींनी हिशेब सरळ मांडला. राज्यातली सत्ता जाणार. मग तालुक्यातला पक्ष कोणाच्या हातात राहणार, तर ज्याच्याकडे आमदार त्याच्या. शेठ आले तर ऑफिस आपलं. पडले तर जिल्ह्याचे तेच दोघे आपला माणूस आणून बसवणार.

* * *

प्रचारात आम्ही गणेशपुरीला गेलो. दामूशेठ रस्त्यात दिसेल त्याला हात जोडत निघाले. आश्रमातून एक गोरी बाई साडी नेसून येत होती. शेठनी तिलाही वाकून नमस्कार केला. ती बिचारी भारावली. तिने डोळे मिटले आणि दोन मिनिटं हात जोडून उभी राहिली. आता समोरच्याने हात सोडल्याशिवाय आपण कसे सोडायचे? शेठही तसेच उभे!

शेवटी मंजुळाबाई ओरडल्या, "शेट, चला! तिचा नाव न्हाय यादीत!"

"मत न्हाय तर न्हाय," शेठ जीपमध्ये बसताना म्हणाले, "पन इतका वेल आपल्यासाटी कोन थांबला हाय?"

* * *

गुरुजींचा भर मतदान शिकवण्यावर. कागदाच्या मतपत्रिका होत्या. शिक्का ओला असताना घडी चुकली तर शाई दुसऱ्याच्या चिन्हावर उमटायची. म्हणून गावोगाव गुरुजींचे वर्ग. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे वाटायचे, "आधी उभी घडी, मग आडवी!" म्हाताऱ्या बायकांकडून दहा-दहा वेळा करून घ्यायचे. लूमवर शिफ्ट बदलताना अन्सारीभाईंनी कामगारांना रांगेत बसवलं, "मास्टरजी जैसा बोलते वैसा मोडो!"

वर्गाला एकच माणूस कधी बसला नाही. गुरुजींनी बोलावलं तर दामूशेठ म्हणाले, "मना काय शिकवताव गुरुजी? आजवर एक मतदान चुकवला न्हाय."

मतदानाच्या दिवशी पूर्ण्याच्या शाळेत पहिले तेच. मत टाकून बाहेर आले, बोटाची शाई सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "झाला आपला काम."

* * *

निकालानंतरचं आधी सांगून टाकतो. दामूशेठ पडले. राज्यातली सत्ता गेली आणि आठवड्याभरात आमच्या ऑफिसचा फोन वाजायचा बंद झाला. इतका, की फोन बिघडला असेल म्हणून मी समोरच्या दुकानातून स्वतःच फोन करून बघितला. वाजला! कंत्राटदार मंडळी रस्त्यात दिसली की चपलेचा अंगठा दुरुस्त करायला खाली वाकायची.

महिनाभरात जिल्ह्याने नवा तालुकाध्यक्ष नेमला. तो आला तेव्हा दामूशेठनी स्वतः कुलूप उघडून दिलं आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. नव्या माणसाने भिंतीकडे बोट करून विचारलं, "हा आवाज कायम असतो?"

"लाइट जाईपर्यंत," दामूशेठ म्हणाले. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. मी टाइपरायटर उचलला आणि त्यांच्या मागोमाग बाहेर पडलो.

* * *

राहिली मतमोजणी.

मोजणीचा दुसरा दिवस, दुपारची वेळ. हॉलमध्ये आमच्याकडून मी, गुरुजी, मंजुळाबाई आणि स्वतः उमेदवार. बाहेर कोणाच्या तरी रेडिओवर राज्यातले निकाल चालू होते आणि आमचे मोठमोठे मंत्री एकेक करून पडत होते. आणि इथे, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, दामूशेठ बरोबरीने चालले होते! मोजणी संपली तेव्हा ते पडले होते एका मताने. एका!

फेरमोजणी मागितली. झाली. पुन्हा एक.

गुरुजी उठले. "साहेब, बाद मतं परत दाखवा. एकेक." त्यांना खात्री होती की त्यात चुकीच्या घडीचं एक तरी मत सापडेल. तशा मतात शिक्का कुठला आणि उमटलेली शाई कुठली हे कळलं तर ते धरावं लागतं, हा नियम त्यांना पाठ होता. एक मत मिळालं की बरोबरी आणि बरोबरी झाली की चिठ्ठी टाकायची. नशिबाचं पुढे बघू.

निवडणूक अधिकारी भला माणूस. एकेक मतपत्रिका वर धरून दाखवायला लागले. कोरी. दोन शिक्के. कोरी. तीन शिक्के. मग एक धरली आणि गुरुजी खुर्चीवरून अर्धे उठलेच. शिक्का आमच्या चिन्हावर, अगदी मधोमध, स्वच्छ!

"हे का बाद?"

"खाली सही आहे," अधिकारी म्हणाले. "मतदाराची ओळख पटली तर मत बाद होतं."

हिरवी शाई. काना तळाला जाऊन परत वर आलेला. खाली दोन टिंबं.

समोरच्या उमेदवाराचा प्रतिनिधी शहरातला होता. त्याने मतपत्रिकेकडे वाकून पाहिलं आणि खांदे उडवले. "वाचताच येत नाही. कोणाची आहे कोण जाणे!"

"मग कोणी ओळखतं का?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "ओळखत नसेल कोणी, तर मला फेरविचार करावा लागेल."

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. मग दामूशेठकडे बघितलं. दामूशेठनी काहीच खूण केली नाही.

"ओळखतो साहेब," गुरुजी म्हणाले. "इतकी वर्षं ह्याच सहीवर आमचं ऑफिस चाललंय."

मंजुळाबाईंनी हळूच विचारलं, "शेट, दर वेलेला करताव का काय?"

दामूशेठ मतपत्रिकेकडे बघत राहिले.

अधिकाऱ्यांनी फेरमोजणीचा कागद पूर्ण केला आणि त्यांच्यासमोर सरकवला. "उमेदवार म्हणून इथे सही करा."

दामूशेठनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. कागद लांब धरला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, ओठ हलवत, पुरता वाचला. मग टोपण लावून पेन परत खिशाला अडकवलं आणि म्हणाले,

"साहेब, अंगठा चालंल का?"