तिसऱ्या मजल्यापर्यंतची गोष्ट

लखनौला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, आणि आईला माझ्या गोष्टी फक्त जिन्यावरच ऐकायच्या असत. स्वयंपाकघरात तोंड उघडलं की "आधी जेव". पण शाळेची रिक्षा फाटकाशी थांबली की ती खाली हजर. पहिल्या पायरीवर पाय पडला रे पडला की, "हं, सांग. आज काय झालं शाळेत?" मी लगेच सुरू. "अरे आई, सुनो ना..." ती मराठीत विचारायची, मी निम्मं हिंदीत सांगायचे. आमचं दार येईपर्यंत गोष्ट संपवायची, हा नियम. वर्गात माझ्या बडबडीला सगळे कंटाळलेले. आई मात्र माझी हक्काची श्रोती, या समजात मी चांगला भाव खायचे.

माझ्या हृदयात जन्मापासून दोष होता. मध्ये एक छिद्र, आणि फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद. रडले की निळी पडायचे. पाचव्या वर्षी मुंबईत ऑपरेशन झालं, नंतर बाबांची बदली लखनौजवळच्या चिनहटच्या कारखान्यात झाली आणि आम्ही तिकडे आलो. बाबांच्या लेखी विषय संपला होता. माझ्याही. दरवर्षी आई मला मोठ्या इस्पितळात तपासणीला न्यायची तेव्हा बाबा म्हणायचे, "ठणठणीत आहे पोर, कशाला उगाच?" आई वाद घालत नसे. डबा भरायची आणि मला घेऊन निघायची.

अकरावीत असताना एका दुपारी मी आमच्या भूगोलाच्या मॅडमची गोष्ट सांगत होते. चौकात प्रवासी टेम्पोतून उतरताना त्यांच्या नव्या, चिकनकारीचं भरतकाम असलेल्या साडीचा पदर दाराच्या खिळ्यात अडकला. "और टेम्पो चल पड़ा, आई, और मॅडम..." दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबले. कठडा धरला. "ज़रा रुको," म्हटलं. उन्हाने होत असेल असं मला वाटलं. आईने माझ्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं.

तपासणीला अजून बरेच महिने होते, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इस्पितळात होतो. डॉक्टरांनी काय त्रास होतो विचारलं. मी म्हटलं, "कुछ नहीं." आई म्हणाली, "ऑपरेशनवाले डॉक्टर ने कहा था, बच्ची बोलते-बोलते सीढ़ी चढ़े तो समझो ठीक है. इसलिए मैं रोज़ सीढ़ी पर इससे बातें करवाती हूँ. साँस सुनती हूँ. कल बात बीच में छूट गई."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि तपासण्या लिहून दिल्या. माझी कानशिलं तापली. म्हणजे इतकी वर्षं ही माझा श्वास ऐकत होती. मी काय सांगतेय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

डाव्या फुप्फुसाकडे जाणारी धमनी अरुंद निघाली. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण यायला लागला होता. मी वाढले, पण लहानपणी दुरुस्त केलेली ती जागा त्या मानाने वाढली नव्हती. जुन्या फ्रॉकची बाही दंडाला काचावी तसं काहीसं. पायाच्या शिरेतून नळी नेऊन, आत फुगा फुगवून ती रुंद करायची होती. आणखी उशीर झाला असता तर हृदय थकत गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी तारखेचा अर्ज भरायला घेतला.

तारीख मिळेपर्यंत मी जिना मुक्यानेच चढले. राग म्हणजे राग. आईने एकदाही "सांग" म्हटलं नाही. ती एक पायरी मागून यायची, मी थांबले की थांबायची. तेव्हा मला त्याचाही राग यायचा. आज मात्र तिच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. घरातले सगळे निर्धास्त असताना ती एकटी रोज जीव मुठीत धरून तो जिना चढली, आणि मला कळलं काय, तर आपण छान गप्पा मारतो. एवढ्या वर्षांत तिने मला एक दिवस आजारी वाटू दिलं नाही.

फुग्याचं काम नीट झालं. तपासणी मात्र जन्मभर करत राहायची, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि या वेळी बाबांनीही हो म्हटलं. घरी आलो. ते पिशव्या घेऊन पुढे गेले. मी पहिल्या पायरीशी उभी राहिले. ओठ घट्ट मिटलेले.

"हं," आई म्हणाली, "पदर खिळ्यात अडकला, टेम्पो सुटला. मग मॅडमचं काय झालं?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. मग सुरू झाले. "मॅडम, आई, टेम्पो के साथ-साथ दौड़ीं, एका हातात पदर, दुसऱ्या हातात गुंडाळलेला भारताचा नकाशा, आणि त्याच नकाशाने ड्रायव्हरला पाठीत..."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हसून हसून आईलाच कठडा धरावा लागला. मी थांबले नाही. बोलत बोलत चढत राहिले.