सोजराबाईच्या नडगीचा फोटो

बहात्तरच्या दुष्काळात बुलढाण्यातल्या एका डॉक्टरांकडे माणिकराव एक्स-रे काढत. हात असा बसलेला, की फोटोची फिल्म कधी वाया जात नसे. त्याचा त्यांना अभिमान होता.

धाड गावाकडच्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर दगड वाहणाऱ्या सोजराबाईला तिचा नवरा पुंजाजी घेऊन आला. महिनाभर गुडघ्याखाली ठणका होता; पडल्या-झडल्याचं काही नव्हतं. फोटोत हाड धड दिसलं. डॉक्टरांनी मात्र नडगी दाबून पाहिली तशी ती कळवळली.

"ओझ्यानं हाडाला बारीक चीर जाते," डॉक्टर माणिकरावांना बाजूला घेऊन म्हणाले. "सुरुवातीला फोटोत येत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा काढू. तोवर ओझं बंद. समजावून सांगा त्यांना."

बाहेर रांग लागली होती. पुंजाजीनं विचारलं, "फोटोत काही निंघालं का, साहेब?"

"काहीच नाही. फोटो साफ हाय," माणिकराव म्हणाले आणि पुढच्याला आत घेतलं. बाकीचं राहूनच गेलं.

महिन्यानं सोजराबाईला बैलगाडीतून आणलं. डोक्यावर दगडाची पाटी असताना पाय मोडला होता. नव्या फोटोत हाडाभोवती भरून येऊ पाहणारा पांढरा थर होता आणि त्यातून आरपार गेलेली भेग.

"ओझं उचलू नका म्हणून सांगितलं होतं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

पुंजाजी ओशाळला. "आमालेच समजलं नसन, साहेब."

माणिकरावांना क्षणभर वाटलं, गप्प राहिलो तर मिटतंय. मग ते म्हणाले, "मी सांगितलंच नव्हतं, डॉक्टर."

माणिकराव खाटेपाशी गेले. "बाई, चूक माही हाय. डॉक्टरनं तुमाले आराम सांगितला होता."

सोजराबाई छताकडे बघत म्हणाली, "मुकादम म्हणे, फोटो साफ हाय त कामाले काऊन रडतं? मले बी वाटे, मी ढोंगच करून राह्यली."

पाय मोडल्याचं माणिकराव कसंबसं पचवू शकले असते. हे पचेना.

प्लास्टर निघालं, पण चाल लंगडी राहिली. पुढच्या वर्षी धाडच्या बाजारात ती वांगी विकताना दिसली. तिनं ओळखलं, "या ना, भाऊ," म्हणाली. माणिकरावांनी वांगी घेतली, मुलांची चौकशी केली. ती उठून लंगडत पाणी आणायला निघाली तेव्हा मात्र त्यांनी मान खाली घातली.