आतार मॅडम खोटं बोलत नाहीत

आतार मॅडम पेशंटच्या आधी पेशंटबरोबर आलेल्यांना तपासतात. मी पहिल्यांदा त्यांच्या हडपसरच्या दवाखान्यात गेले तेव्हा माझ्याबरोबर आई होती. मॅडमनी मला विचारलं, "काय होतंय?" आणि आईने सांगायला सुरुवात केली. पाळी कधी सुरू झाली, किती दिवस चालते, मी लहानपणापासून किती नाजूक आहे. मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"आपल्याला दुखतंय का?"

"नाही हो, हिला."

"मग आपण बाहेर बसा. तिथला पंखा चांगला आहे."

आई बाहेर गेली. अनोळखी माणसाशी मला पटकन बोलता येत नाही. त्यात शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि घरी या विषयाला एकच मराठी शब्द होता, 'अडचण'. शेवटी मी म्हणाले, "तिथे दुखतं."

"'तिथे' नावाचा अवयव आम्हाला शिकवला नाही," मॅडम म्हणाल्या. "मराठीत येत नसेल तर इंग्रजीत सांग. नुसतं बोट ठेवलंस तरी चालेल. मला घाई नाही."

बाहेरचा बाक भरलेला होता, म्हणजे घाई असणारच. पण त्या थांबल्या. मग मी सांगितलं. दर महिन्याला कॉलेज बुडतं, उलट्या होतात, मी बाथरूमच्या फरशीवर पडून राहते. आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की लग्न झालं की थांबेल.

"अच्छा. आणि लग्न दिवसातून किती वेळा घ्यायचं, ते लिहून नाही दिलं?"

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत, लिहीत होत्या.

आम्ही राहतो कर्वेनगरला. तिथून हडपसर म्हणजे शहराचं दुसरं टोक. आईने मुद्दामच एवढा लांबचा दवाखाना शोधला होता. लग्नाच्या मुलीला अशा डॉक्टरकडे जाताना कुणी पाहिलं तर काय, ही तिची काळजी. मी तपासून बाहेर आले तर आईच्या शेजारी आमच्याच सोसायटीतल्या एक काकू सुनेला घेऊन बसलेल्या. दोघी अगदी सरळ समोर बघत होत्या. "इकडे कुठे?" "सहज. तुम्ही?" "आम्हीपण सहजच." पुढच्या वेळी मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "निम्मं कर्वेनगर माझ्याकडे सहजच येतं. तुमचं कर्वेनगर माझ्या रिक्षावाल्यांना जगवतंय."

त्यांच्या वडिलांचं पेठेत घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. घराण्यातल्या त्या पहिल्या डॉक्टर. एकदा कुणीतरी बाई कौतुकाने म्हणाल्या, "मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे हो." मॅडम म्हणाल्या, "तुमचंही बरं आहे." त्यांचं एक नेहमीचं वाक्य आहे: "मुली डॉक्टरकडे येत नाहीत, त्यांना आणलं जातं. त्या आपल्या पायांनी यायला लागल्या की मी रिटायर होईन." अजून झालेल्या नाहीत. ऑफिसमधल्या मैत्रिणी चांगली डॉक्टर विचारतात तेव्हा मी, एरवी कुणाला काही न सुचवणारी, त्यांचं नाव असं सांगते जणू त्या माझ्या घरातल्याच आहेत.

सोनोग्राफी करताना त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. "पोट तुझं आणि बघणार मी एकटी, हे बरं नाही." डाव्या अंडाशयात गाठ होती, आत जुनं रक्त साचलेलं. "ही बघ. ही दुखतेय. तू नाजूक वगैरे काही नाहीस. हे सांभाळत तू परीक्षा दिल्यास." मी त्या काळ्या-करड्या डागाकडे बघत राहिले. आत्तापर्यंत मला वाटत होतं की मी दुखणं वाढवून सांगते.

ऑपरेशन ठरलं. कदाचित अंडाशयच काढावं लागेल, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. "वाचवायचा प्रयत्न करीन. प्रयत्न म्हणतेय, वचन नाही."

आईची काळजी वेगळीच होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, आम्ही सगळ्यांना अपेंडिक्स सांगणार आहोत. तुम्ही फक्त सांभाळून घ्या. हिच्यासाठी स्थळं बघतोय."

"मी कुणाला काहीच सांगणार नाही. पेशंटचं बाहेर बोलायचं नाही, हा आमचा नियमच आहे. पण कुणी विचारलं तर अपेंडिक्स म्हणणार नाही. मी खोटं बोलत नाही, आणि यात लपवण्यासारखं हिने काही केलेलं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "काय सांगायचं ते तू ठरव."

मी काही ठरवलं नाही. खरं तर अपेंडिक्स मलाही सोयीचं वाटत होतं.

ऑपरेशन नीट झालं, अंडाशय वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईची मोठी बहीण, माझी मावशी, नारायण पेठेतून मऊ भाताचा डबा घेऊन आली. तेवढ्यात मॅडम राउंडला आल्या.

"अपेंडिक्स वेळेत काढलंत, फार बरं झालं," मावशी म्हणाली.

आई खिडकीच्या पडद्याकडे बघायला लागली. मॅडमनी माझं मनगट हातात घेतलं.

"पेशंट शुद्धीवर आहे. काय काढलं ते तिलाच विचारा."

मी अपेंडिक्स म्हणाले असते तरी त्या काही बोलल्या नसत्या, हे मला माहीत होतं. त्या घड्याळाकडे बघत होत्या. माझं मनगट त्यांच्या बोटांतच होतं.

"अपेंडिक्स नाही, मावशी. डाव्या अंडाशयात गाठ होती. पाळीत दुखायचं ते तिच्यामुळे."

मॅडमनी हात सोडला. "नाडी जरा वाढलीये. आज चालेल," असं म्हणून त्या पलीकडच्या कॉटकडे गेल्या.

मावशीने डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. मग हळूच म्हणाली, "मला वाटायचं, सगळ्यांनाच एवढं दुखतं. मी तर दोन-दोन दिवस उठायची नाही."

"तुला?" आई म्हणाली. "ताई, कधी बोलली नाहीस."

"तू तरी कुठे बोललीस?"

आई कॉटच्या कडेला बसली. मीही तिथे आहे हे विसरून तिने आपलं सांगायला सुरुवात केली.