संकष्टीच्या सहा गोळ्या

"हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात," डॉक्टर म्हणाले. समोर अँजिओग्राफीचं, म्हणजे रक्तवाहिन्यांत रंग सोडून घेतलेलं, चित्र होतं. मी मान डोलावली. भाजीवाल्यानं भेंडी संपली म्हटल्यावर डोलावते, तशीच. आमचे हे मात्र मटकन खुर्चीत बसले.

एकीत स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवली. दुसरी गोळ्यांवर ठेवली. तिथल्या इन्फ्लमेशनवर, म्हणजे आतल्या सुजेवर, एका औषधाची चाचणी चालू होती. निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कुणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसणार.

"अगं, विचार तरी कर," हे म्हणाले. मी संमतीच्या फॉर्मवर सही केली. विचार करण्याइतकं काही वाटतच नव्हतं.

रोज सकाळी खाऊन एक गोळी. सहा महिन्यांनी उरलेल्या परत न्यायच्या. तिथे त्या मोजतात. जायच्या दिवशी मी डबी ओतली, तर सहा जास्त. संकष्टीच्या. चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही, म्हणून गोळी नाही, आणि जेवणानंतर ती राहूनच जायची.

बेसिनमध्ये टाकल्या की मिटलं. नळ सोडलासुद्धा. तीस वर्षं गणित शिकवलं, कॉपी करणारी पोरं वर्गाबाहेर काढली, आणि आता मी हे करणार? शरम वाटली. ते चित्र पाहिल्यापासून मला काही वाटलं, ते हे पहिलं.

चाचणीतून काढून टाकतील ही धास्ती होती, तरी सहाही गोळ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या आणि सांगून टाकलं.

"चुकली म्हणालात की आम्ही तसं लिहितो, मॅडम. लपवलंत तर न घेतलेल्या गोळीचं अपयश औषधाच्या माथी. ते पुढच्या पेशंटला भोवतं." मग डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "साबुदाणा चालतो ना बाप्पाला? तो खा आणि गोळी घ्या."

तीन वर्षांनी चाचणी संपल्यावर कळलं, मी बिनऔषधाच्या गोळीवर होते. "म्हणजे इतकी वर्षं खडूच खाल्लास," हे चिडले. मी म्हटलं, "अहो, खडूशी माझं जुनं आहे." औषधाचा गुण ताडून पाहायला आमच्यासारखे लागतातच. अरुंद वाहिनी आहे तशीच आहे. धीरानं सांभाळणाऱ्या त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे.

तुमच्यापुढे असा फॉर्म आला, तर चुकलेली गोळी लपवू नका.

काल संकष्टी होती. सकाळी खिचडी खाऊन नेहमीची औषधं घेतली. संध्याकाळी गच्चीत चंद्राची वाट पाहत उभी राहिले. कितीतरी दिवसांनी मला कडकडून भूक लागली होती.