बारा सेंटिमीटरचा पाळणा

आमच्या ह्यांना, म्हणजे आदिनाथ म्हेत्र्यांना, सोलापुरात कुणी गायक म्हणून ओळखत नाही, लेखक म्हणून तर नाहीच नाही. तरी आमच्या जुळे सोलापुरातल्या घरात ह्यांचं नाव छापलेल्या एकशे चाळीस सीड्या आहेत. आत काय आहे ते विचारू नका, ते ह्यांनाही धड सांगता यायचं नाही. कव्हरं मात्र बघत राहावीत अशी, म्हणजे हे स्वतः बघत राहतात.

शाळेत हेडक्लार्क होते. कारकुनांना कॉम्प्युटरचा कोर्स सक्तीचा झाला तेव्हा बाकीचे कुरकुरत गेले आणि हे नवऱ्या मुलासारखे न्हाऊनधुऊन गेले. तिथं ह्यांना वर्ड भेटलं. चारचौघांना वर्डमध्ये रजेचा अर्ज लिहिता आला की पुरतं. ह्यांना टेबल सापडलं, टेक्स्ट बॉक्स सापडला, कमानीसारखी वाकणारी रंगीत अक्षरं सापडली, आणि एक दिवस पानाभोवती लावायची सफरचंदांची बॉर्डर सापडली. ती सापडली त्या दिवशी मला शाळेतून फोन केला होता. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानं फोन उचलला, वाटलं कुणी गेलं की काय!

मग घरी कॉम्प्युटर आला, प्रिंटर आला, आणि सीडी लिहायचं यंत्र आलं. दोन हजार सात-आठची गोष्ट. लोक सीडीवर मार्करनं नाव खरडायचे. ह्यांना ते अडाणीपणाचं वाटायचं. सीडीची डबी म्हणजे बारा सेंटिमीटर बाय बारा सेंटिमीटर, हे त्यांनी स्टीलच्या पट्टीनं मोजलं आणि वर्डमध्ये त्या मापाचं टेबल आखलं. त्यात फोटो टाकला की अक्षरं खालच्या पानावर उडी मारायची. अक्षरं वर ओढली की फोटो गायब. मग "अगं वैजयंती, हे बघ की कुटं गेलं," म्हणून मला हाक. मला काय डोंबल कळतंय त्यातलं! आमची वरात अडली नव्हती एवढी ह्यांची कव्हरं अडली.

डबीच्या कडेला सहा मिलिमीटरची एक पट्टी असते, कपाटात उभी ठेवली की दिसते ती. तिच्यावर नाव वरून खाली लिहायचं की खालून वर, यावर ह्यांनी आठ दिवस काढले. शेवटी अशा बाजूनं लिहिलं की वाचायला मान डावीकडं मोडावी लागते. घराच्या कागदपत्रांची सीडी, तिला कव्हर. विजेच्या बिलांची सीडी, तिला धबधब्याचं कव्हर. कोऱ्या सीड्या आणून ठेवल्या होत्या, त्यांनाही कव्हर केलं माणसानं, "कोरी, भाग एक" आणि "कोरी, भाग दोन"! आणि प्रत्येकाच्या पाठीमागं ठळक अक्षरात, "संकल्पना व मांडणी : आदिनाथ म्हेत्रे." शेजारी पासपोर्टचा फोटो.

इथवर हसून सोडून दिलं असतं मी. पण ह्यांचा हात माझ्या अव्वाच्या कॅसेटला लागला.

अव्वा म्हणजे माझी आई, नागव्वा, अक्कलकोटची. घरात कानडी बोलायची, गायची मात्र मराठीत. आमची लेक संस्कृती झाली तेव्हा बाराव्या दिवशी बारशाला अव्वानं पाळणा म्हटला. स्वतः जुळवलेला. पहिल्या दिवसाचं एक कडवं, दुसऱ्याचं एक, अशी बारा दिवसांची बारा कडवी, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांची नावं गुंफून. माझ्या भावानं तो टेपवर घेतला होता. मी स्वतः तो पाळणा शेवटपर्यंत कधी ऐकला नाही. बारशाला बाराव्या दिवशीची बाळंतीण मी, बसल्या बसल्या पेंगले आणि आतल्या खोलीत जाऊन झोपले. पुढं कॅसेट लावली की शेवटाला टेप अडकायची, म्हणून आठव्या-नवव्या कडव्यालाच बंद करायचो. आपल्याच लेकीच्या बारशात झोपले, ही बोच मला कायम राहिली.

अव्वा म्हणायची, "संस्कृतीला लेकरू झालं की ह्योच पाळणा म्हणायचा बगा. मी असू नाय तर नसू."

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात ह्यांनी ती कॅसेट मागून घेतली. "सीडी करतो, कायमचं जपून राहील," म्हणाले. कायमचं! सीडी एका दुपारी झाली. कव्हराला तीन महिने लागले. वर इंद्रधनुष्यी कमानीत "पाळणा", खाली दोन राजहंस, भोवती सफरचंदं. आतल्या घडीत कडवी टाइप केलेली. पाठीमागं ठळक अक्षरात ह्यांचं नाव, फोटो, आणि अगदी तळाला बारीक अक्षरात, "स्वर : घरगुती".

घरगुती! माझी अव्वा काय लोणच्याची बरणी होती का हो?

एक प्रत अव्वाला दिली. तिनं कव्हर उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, "जावईबापू, ह्यात मी कुटं हाय?" हे म्हणाले, "मामी, आत आहात." अव्वानं मान हलवली, सीडी बाहेर काढली आणि दोरा ओवून गच्चीवर सांडग्यांच्या वर टांगली. चमकते म्हणून कावळे येत नव्हते. त्या वर्षी अक्कलकोटात आमच्याएवढे सांडगे कुणाचे वाळले नाहीत, सीडी मात्र पुढं उन्हापावसात फुटून गेली.

दुसरी प्रत आमच्या कपाटात. तिला कुणी हात लावायचा नाही, कव्हराला बोटांचे डाग पडतात. डिजिटल झालं म्हणून कॅसेट भंगारवाल्याला गेली. कॉम्प्युटर दोनदा बिघडला, त्यातलं सगळं पुसलं गेलं. दोन हजार चौदात अव्वा गेली. त्यानंतर मीच ती डबी उघडली नाही, ऐकायचा धीर होत नव्हता. आहे घरात, एवढ्यावरच मन रमवलं.

यंदा संस्कृतीला मुलगी झाली, बाळंतपण आमच्याकडंच. तिनं आल्या दिवसापासून एकच धोशा लावला, "आई, बारशाला आज्जीचा पाळणा लावायचा. आज्जीच्या आवाजात." मी म्हटलं, लावू की. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी हे मोठ्या ऐटीत डबी घेऊन शेजारच्या मदिनाबीच्या मुलाकडं, ताबीशकडं गेले. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आता सीडी चालवायचं यंत्र आसपास त्याच्याकडंच सापडतं. मीही मागोमाग गेले.

डबी उघडली. ह्यांनी नुसतं कव्हर केलं नव्हतं. कव्हराला मॅचिंग पाहिजे म्हणून एक गोल कागद छापून, माझी आमटीची वाटी उपडी ठेवून कापून, सीडीवरच गोंदानं चिकटवला होता. त्यावरही राजहंस. पंधरा वर्षांच्या सोलापूरच्या उन्हाळ्यांनी तो कागद फुगून उठला होता. ताबीशनं बघितलं आणि म्हणाला, "काका, ये नै चलता." ह्यांनी आग्रह केला. सीडी आत गेली, घुर्रघुर्र आवाज झाला, काहीतरी खरवडल्यासारखं झालं आणि यंत्र गप्प बसलं. ताबीशनं खटपट करून बाहेर काढली तर राजहंस कागदासकट सोलून निघालेले, आणि कागदाच्या पाठीला सीडीचा सगळा चंदेरी पापुद्रा चिकटलेला. हातात राहिली काचेसारखी चकती. तिच्यातून आरपार ताबीशचं पडलेलं तोंड दिसत होतं.

"काका, गाना इस कागदकू चिपक गया," तो म्हणाला बिचारा.

रस्त्यानं मी ह्यांना काय काय बोलले ते आठवत नाही. घरी येऊन मात्र जे बोलले ते सगळ्या गल्लीला आठवतंय. "कावळे हाकलायला टांगलेली सीडी तरी कामाला आली! तुम्ही कपाटात ठेवून काय केलंत? हंस चिकटवलेत! माझ्या अव्वाच्या गळ्यावर हंस चिकटवलेत!" संस्कृती मधे पडली. म्हणाली, "आई, आवाज गेला तर गेला. कव्हरात शब्द आहेत ना? आपण म्हणू." तेवढ्यानं मी गप्प झाले. चाल मला पाठ होती.

बारशाला पन्नासेक बायका. पाळणा सजवला, घुगऱ्या वाटल्या, आत्यानं कानात नाव सांगून झालं. संस्कृतीनं कव्हर उघडून धरलं, ती शब्द वाचायची आणि मी चालीवर म्हणायची. एकेका कडव्यात होटगीहून गाडीनं आलेला मामा आला, अंगडं आणणारी मावशी आली. आठवं कडवं झालं. पुढं संस्कृतीनं वाचलं, आणि बापाचीच लेक ती, चालीत वाचलं, "इत्यादी."

मला वाटलं पान उलटायचं राहिलं. कव्हर हिसकावून बघितलं. खरंच, आठव्या कडव्याखाली ह्या हेडक्लार्कनं "इत्यादी" टाइप केलं होतं! माझ्या अव्वाच्या पाळण्याला इत्यादी! बायका हसून लोळायच्याच बाकी होत्या. मदिनाबी म्हणाली, "भाबी, साबकू बोलो, अब इत्यादी गाओ." आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. चार कडवी गेली, आता जगात ती कुणाजवळच नव्हती.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"नवव्या दिवशी आत्या रुसली, टोपड्याला का गं झालर नसली…"

हेच. बायकांच्या घोळक्यात कधी तोंड न उघडणारा माणूस, खांद्यावर घुगऱ्यांचा पंचा, नजर फरशीवर. ना चाल ना ताल. शाळेत परिपत्रक वाचून दाखवायचे ना, तसं. नववं झालं, दहावं झालं, अकरावं झालं. मग हे जरा थांबले, माझ्याकडं बघितलं आणि पुढं म्हणाले,

"बाराव्या दिवशी पाळणा हलला,
वैजूचा डोळा जागून सुजला.
दमली गं लेक, तिला निजू द्या,
दोरी पाळण्याची माझ्या हाती द्या."

अठ्ठावीस वर्षं मला वाटत होतं की मी अव्वाच्या पाळण्यात झोपले. आणि अव्वा भर बायकांत गाऊन सांगत होती की निजू द्या तिला. मी पन्नास बायकांसमोर मोठ्यानं रडले, लाज वाटली नाही. संस्कृती पाळण्याच्या बाजूला दोरी धरून उभी होती, डोळ्यांखाली काळं, उभ्या उभ्या डुलत होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी तिला म्हटलं, "जा, आत पड जा. दोरी इकडं दे."

बायका पांगल्यावर मी ह्यांना समोर बसवलं. "तुम्हाला सगळं पाठ कसं?"

"ते तीन महिने स्पिरिटनं टेप पुसून, पेन्सिलीनं गुंडाळून ऐकली होती," हे म्हणाले. "बाराही कडवी टाइप केली होती मी. बसेनात. फॉन्ट आठ केला, सात केला, सहा केला. दिसेनाच काही. मग एकेक अक्षर खोडलं. खोडलेलं लक्षात राहतं."

"आणि मागं जागा नव्हती? मागची सगळी बाजू मोकळी होती की!"

ह्यांनी ती मोजायची स्टीलची पट्टी हातात घेतली, खाली ठेवली. मग म्हणाले, "तिथं माझं नाव टाकायचं होतं."

खोटं बोलले असते तर मी पट्टीच उचलली असती. पण नुसतं तेवढं बोलून खाली मान घालून बसले, चष्मा पुसत. साठी ओलांडलेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं रजिस्टरात लिहिली, आपलं कुठं छापून आलं नाही. मला कळलं ते. पण कळलं म्हणून राग गेला असं नाही हो. तो आहे अजून, शेंगाच्या चटणीसारखा टिकाऊ आहे.

मी डबीतून कव्हर काढलं, निळा बॉलपेन घेतला आणि पाठीमागं "संकल्पना व मांडणी" वर, फोटोवर, ह्यांच्या तोंडावरून आडवं बारावं कडवं लिहून काढलं. तळाला "घरगुती" खोडून "नागव्वा" लिहिलं. हे वाकून बघत होते.

"अगं, मार्जिनच्या बाहेर जातंय," म्हणाले.

"जाऊ दे," मी म्हटलं, आणि बाकीची तीन कडवी सांगायला लावली.