एक जूनची माणसं आणि परीक्षा घेणारं शेल

एकच काम मला परत परत करायला सांगितलं की माझं डोकं सरकतं. हे लग्नाआधीपासूनचं आहे, नवऱ्याला दोष देऊ नका. परभणीत स्टेशन रोडला, कापडाच्या दुकानाच्या माडीवर एक संगणक केंद्र होतं. तिथं मी नोकरीला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि डोकं जरा जास्तच सरकायचं. माझ्या प्रमाणपत्रावर विद्यापीठाचं जुनं नाव आहे, त्यावरून काळ ओळखा.

केंद्र म्हणजे काय, तर एक युनिक्सचा संगणक आणि त्याला जोडलेले दोन पडदे. काळा पडदा, हिरवी अक्षरं. आपण हुकूम टाइप करायचा. शेल नावाचा मधला मुनीम तो आत पोचवणार आणि उत्तर बाहेर आणून देणार. खोलीला एसी होता. त्यामुळं उन्हाळ्यात केंद्राच्या मालकाचे, म्हणजे आमच्या साहेबांचे, झाडून सगळे पाव्हणे ‘कॉम्प्युटर बघायला’ यायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि भिंतीला टेकून मस्त डुलक्या घ्यायचे.

एका साली दसऱ्याच्या आधी साहेबांनी एका नव्या सूतगिरणीचं काम आणलं. भरतीसाठी गावोगावचे अर्ज आले होते, त्यातून मुलाखतीला बोलवायच्यांची यादी करायची. गिरणीवाल्यांचा एक नियम पक्का होता: एका गावातून नोकरीला एकच माणूस घ्यायचा, म्हणजे कुठलंच गाव रुसायला नको. बाकी नियम मात्र रोज बदलायचे. आज वयाची अट पंचवीस, उद्या अठ्ठावीस. साहेब फोन ठेवायचे आणि म्हणायचे, “मॅडम, जरासा बदल आहे.”

जरासा! प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली की तो नीट चालतो का हे बघायला मला चाळीस खोटे अर्ज पहिल्यापासून टाइप करावे लागायचे. तो विचारणार: नाव? गाव? जन्मतारीख? शिक्षण? मी आपली उत्तरं देत बसायची. चाळीस झाले की परत फोन. एकदा तर मी कीबोर्ड उलटा करून ठेवला आणि खाली जाऊन दोन कप चहा प्याले.

शेवटी पुण्यातल्या एका वर्गमित्रानं एसटीच्या पार्सलनं एक फ्लॉपी पाठवली. तिच्यात एक खास शेल होतं. त्याचं काम एकच, दुसऱ्या प्रोग्रामची परीक्षा घ्यायची. आपण फायलीत लिहून ठेवायचं: तो ‘नाव?’ विचारील, तू हे नाव दे, ‘गाव?’ विचारील, तू पोखर्णी दे; शेवटी त्यानं ‘पात्र’ म्हटलं पाहिजे. दुसरं काही म्हणाला तर तिथंच थांब आणि बोंबल. हे शेल खरंच बोंबलायचं, टिंग टिंग वाजायचं. मी चाळीस अर्ज एकदाच लिहून दिले. मग काय, आमची चैन! साहेबांचा जरासा बदल झाला की मी एक हुकूम द्यायची आणि पायाची घडी घालून शेंगा सोलायची. पडदाभर ‘ठीक, ठीक, ठीक’ उतरत जायचं. लय भारी वाटायचं.

आमच्याकडं झाडलोट करायला एक मावशी यायची. परभणीत भावाकडं राहायची, पण तिचं गाव चुडावा स्टेशनपासून कोसभर आत. तिचा लेक दहावी झालेला. तरी दर साली दसरा झाला की बायको-पोरीला घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचा. यंदा नात पहिलीत बसली होती. टोळीसंगं गेली की शाळा गेलीच. लेकानं गिरणीला अर्ज केला होता आणि मावशीचा सगळा जीव त्या अर्जात अडकला होता.

“काय करायलंय वो तुमचं मशीन?” ती फरशी पुसता पुसता विचारायची. “माझ्या लेकाचं नाव आलं का?”

“अजून परीक्षाच चालू हाय, मावशी.”

“त्याची का मशीनची?”

“मशीनची.”

“माय! मग पास करा की त्याला लवकर.”

त्यात साहेबांनी आणखी एक बदल आणला. आपली माणसं कशी, एक अर्ज पोस्टानं टाकतात, एक पुढाऱ्याच्या हातून देतात, न जाणो कुठला लागंल! म्हणून नियम आला की नाव, बाप, आडनाव, गाव आणि जन्मतारीख सारखी असेल तर तो एकच माणूस धरायचा आणि दुसरा अर्ज काढून टाकायचा. मी लगेच परीक्षेत लिहिलं: सगळं सारखं असलेले दोन अर्ज दे, यादीत एकच नाव आलं पाहिजे. एकच आलं. ठीक. मी माझीच पाठ थोपटली.

यादी लागली. मावशीनं साहेबांकडून लेकाचं नाव वाचून घेतलं आणि आम्हा सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. तिसऱ्या दिवशी जिना धडाधड वाजला आणि दोन दांडगे गडी वर आले. एक मावशीचा लेक. दुसऱ्याच्या हातात मुलाखतीचं कार्ड.

“हे कार्ड याला कसं आलं?” लेकानं विचारलं. “नाव तर माझं हाय.”

“माझं बी तेच हाय,” दुसरा म्हणाला.

होतंच. त्यांचं अख्खं गाव एका आडनावाचं. दोघांची नावं तीच, दोघांच्या बापांचीही तीच. गावात कुणाचा घोटाळा होत नव्हता, कारण कार्डवाला वरल्या आळीचा आणि मावशीचा लेक खालच्या आळीचा. आमच्या अर्जात आळी नव्हती. आणि जन्मतारीख? एक जून! आमच्याकडं शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, पोरगं कधीचं? बाप म्हणायचा, सुगीच्या टायमाचं असंल. मग मास्तर वर्ष अंदाजानं धरायचे आणि पुढं एक जून टाकून मोकळे व्हायचे. एका साली शाळेत बसलेला अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला. मी स्वतः एक जूनची! आणि माझ्या चाळीस खोट्या अर्जांत कुणी चौदा मार्चचा, कुणी नऊ ऑगस्टचा, एकसुद्धा एक जूनचा नव्हता. प्रोग्राम चुकला नव्हता. परीक्षेचं उत्तरच मी चुकीचं लिहून दिलं होतं आणि ते शेल बिचारं इमानानं ‘ठीक’ म्हणत राहिलं. मला स्वतःचीच भयंकर चीड आली.

यादी चुकली हे साहेब ऐकायला तयार नव्हते. “मॅडम, तुमचं शेलच ठीक म्हणतंय ना?”

मी परीक्षेत ‘एक’ खोडून ‘दोन’ लिहिलं आणि हुकूम दिला. टिंग टिंग टिंग! पाव्हणे असते तर दचकून उठले असते. साहेबांनी कपाळाला हात लावला. “मग दोघांतला फरक ओळखायचा कसा?”

मावशी दारात फडकं पिळत होती. ती म्हणाली, “बापाचं नाव एक, गाव एक. पन आई तर येगळी हाय ना दोघांची!”

घ्या! अर्जात आईचं नाव विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मी तिथल्या तिथं प्रोग्रामला तो प्रश्न शिकवला. साहेबांनी बजावलं की असे सारखे अर्ज असतील तिथंच हे विचारायचं, आणि उत्तर कोरं असेल तर अर्ज बाद. मावशीच्या लेकानं फट्‌दिशी आईचं नाव सांगितलं. वर्ष झालं होतं रोज मावशी मावशी करत, आणि नाव मला तेव्हा कळलं.

मग मी वरल्या आळीच्याकडं बघितलं. “तुमच्या आईचं नाव?”

त्यानं मान खाली घातली. “आठवना, मॅडम. मी दोन वर्साचा असताना गेली. घरात दुसरी आली, मग पहिलीचं नाव कुनी काढलं न्हाई. आजोळबी राहिलं न्हाई.”

“कोरं चालायचं नाही,” साहेब म्हणाले.

खोलीतल्या प्रत्येकाला हिशेब कळला. त्या गावातून अटीत बसणारे हे दोघंच. हा बाद झाला की मावशीचा लेक एकटाच उरणार, आणि परवा टोळीचा ट्रक सुटणार त्यात तो चढणार नाही. मावशी फडकं पिळतच होती, त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं. तिनं एकदा लेकाकडं बघितलं. मग पुढं आली आणि त्या बाईचं नाव सांगितलं.

“आमी दोघी एकाच साली त्या गावात नांदायला आलो,” ती त्याला म्हणाली. “लय गोरी व्हती तुझी आई. हसायला लागली की थांबायची न्हाई.”

तो गडी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी नाव टाइप केलं. शेलनं परीक्षा घेतली आणि ‘ठीक’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुलाखत झाली आणि गिरणीनं वरल्या आळीच्याला घेतलं. मावशीचा लेक बायकोला आणि पोरीला घेऊन ट्रकमध्ये बसला. मावशी नेहमीच्या वेळेला कामावर आली आणि बादली भरायला लागली. माझं डोकं सरकलं.

“तुमी गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?” मी तिच्यावर ओरडलेच. “कुनाला कळलं असतं?”

“लेकाला यंदा न्हाई तर फुडल्या साली काम मिळंल, मॅडम,” ती म्हणाली. “पन तिचं नाव माझ्याबिगर कुनाकडंच राहिलं न्हवतं.”