आखूड धड, लांब सायकल

गल्लीत तिला सगळे उसवणबाई म्हणत. खांद्याची शिवण सूतभर जरी ओढली गेली, तरी तयार झालेला कोट ती गिऱ्हाइकासमोरच उसवायची, आणि वर त्यालाच झापायची, "माप घेताना ताठ उभे राहा म्हटलं होतं ना?" शिवणकामात तिची सत्तावीस वर्षं गेली होती; रागात त्याहून जास्त.

पंचेचाळिसाव्या वर्षी तिने पहिल्यांदा स्वतःच्या हौसेसाठी काही घेतलं. वाकड्या हँडलची, बारीक टायरची रेसिंग सायकल. दुकानदाराने तिला दांड्यावर टांग टाकून उभं केलं, दोन्ही पाय टेकतात एवढं पाहिलं आणि म्हणाला, "अगदी तुमच्या मापाची!"

तीन महिन्यांत तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. सुई हातातून निसटायची. एका कोटाची बाही तिरकी बसली. उसवून पुन्हा लावली, पुन्हा तिरकी. शेवटी तो कोट तिने दुसऱ्या शिंप्याकडे पाठवला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

नवरा म्हणाला, "अगं, वय झालं आता आपलं." डॉक्टर म्हणाले, "या वयात व्हायचंच." दुकानदाराने सीट पुढे सरकवून दिली आणि म्हणाला, "होईल सवय, ताई. बायकांचे हात नाजूकच असतात."

सीट पुढे सरकल्यावर बोटं होती तशीच राहिली, वर गुडघाही दुखायला लागला. पण तिच्या डोक्यात तिडीक गेली ती त्या 'नाजूक' शब्दाने. सत्तावीस वर्षं जाड कापडाचे थर कापणारे हात ते!

रविवारी सकाळी तिने सायकल भिंतीला टेकवली आणि टेप काढला. सीटपासून हँडलपर्यंत माप घेतलं, मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, बसा यावर."

तो बसला. "मस्त बसतेय की गं मला!"

ती त्याच्याकडे अशी बघायला लागली की बिचारा घाईघाईने उतरला. दोघांची उंची एकच होती. पण दोघांचे कपडे तीच शिवायची, मापं तिला तोंडपाठ होती. तिचे पाय लांब, धड आखूड. त्याचं बरोबर उलट. त्याचा सदरा तिच्या सदऱ्याहून चांगला दोन इंच लांब.

"उभं माप घेतलं त्या गाढवाने," ती म्हणाली, "आडवं घेतलंच नाही! हँडल गाठायला मी रोज ओणवी पडतेय, सगळा भार हातांवर!"

तिने सायकल तशीच दुकानात नेली. दुकानदार हसला. "ताई, रेसिंगची सायकल वाकूनच चालवायची असते."

"वाकायचं असतं, लोंबकळायचं नसतं! माझ्या नवऱ्याचा सदरा मला घालून बघा, उंची एक म्हणून बसेल का?"

मागे चाक सरळ करत बसलेला म्हातारा मेकॅनिक मान वर न करता म्हणाला, "बाई बरोबर बोलतायत. मी तेव्हाच म्हटलं होतं, एक माप लहान आणि पुढून जरा उंच फ्रेम द्या. पण ती मागवावी लागली असती. ही दुकानात पडून होती."

ती आवाज चढवेल असं दुकानदाराला वाटलं. तिचा आवाज उलट खाली आला.

"पडून होती," ती म्हणाली. "म्हणून माझी बोटं बधिर. इतके दिवस मला वाटत होतं, माझ्याच शरीरात खोट आहे."

दुकानदाराने खाली मान घालून वही उघडली आणि नवी फ्रेम मागवली. फ्रेम आली तेव्हा तिने दुकानदाराला हातही लावू दिला नाही. सगळं मेकॅनिककडून बसवून घेतलं, तो हात लावेल तिथे आपला टेप लावून.

बोटं हळूहळू ताळ्यावर आली. नवऱ्याने विचारलं, "गेला ना राग आता?"

"का जावा? वय झालं म्हणणारे पहिले तुम्हीच!"

दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टरांकडे जाऊन बसली. "वय नव्हतं, माप चुकलं होतं," ती म्हणाली. "लिहा माझ्या कागदावर."

डॉक्टर हसले. ती हसली नाही आणि खुर्चीतून उठलीही नाही. बाहेर पेशंट ताटकळले होते. शेवटी त्यांनी पेन उचललं.